बायोलॉजीत बीएस्सी: कर्ज आणि कमाईच्या हिशेबात या चुका टाळा

नीटमध्ये नंबर लागला नाही की नागपुरातल्या अनेक घरांत बीएस्सीचा विषय निघतो, तोही घाईघाईत. कॉलेज कोणतं आणि फी किती, एवढं विचारून झालं की फॉर्म भरला जातो. डिग्रीनंतर हातात किती येणार आणि कधी येणार, हे विचारायचं राहूनच जातं.

तीन वर्षांचाच हिशेब करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. धंतोली-रामदासपेठेतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन व्हायचं तर डीएमएलटीसारखा (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) कोर्स लागतो. शाळेत शिकवायचं तर दोन वर्षांचं बीएड. संशोधनात जायचं तर एमएस्सी आणि मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थेत प्रकल्पावर कंत्राटी जागा निघतात, तिथेही बीएस्सीवाला प्रोजेक्ट असिस्टंट आणि एमएस्सीवाला प्रोजेक्ट असोसिएट, अशी पायरी असते. नुसत्या बीएस्सीवर एमआरची (औषध कंपनीच्या प्रतिनिधीची) नोकरी किंवा हिंगणा-बुटीबोरीकडच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलचं काम मिळू शकतं, पण पगार बेताचाच.

म्हणजे बायोलॉजीत खरी कमाई बहुधा पाचव्या वर्षानंतर सुरू होते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभरात सुरू होतो. मुलगी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आणि बापाच्या खात्यातून हप्ता कापला जातोय, हे चित्र म्हणूनच दिसतं. माझं मत स्पष्ट आहे: बीएस्सी घरी राहून, अनुदानित किंवा शासकीय कॉलेजात करा. कर्ज काढायचंच असेल तर ते पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. बीएस्सीसाठी पुण्याला खासगी विद्यापीठात पाठवायचं आणि हॉस्टेलचाही खर्च कर्जातून करायचा, हे गणित फार कमी घरांना परवडतं.

हप्ता न काढताच सही करणं

समजा, ४ लाखांचं कर्ज तीन वर्षांत समान भागांत उचललं आणि व्याज १० टक्के आहे. शिकत असताना आणि नंतरच्या एका वर्षात सरळव्याजानेच १ लाख २० हजार चढतात. मग फेडायचे ५ लाख २० हजार. सात वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण ८,६०० रुपये. दहा वर्षांची घेतली तर हप्ता ६,९०० च्या आसपास येतो, पण एकूण परतफेड सव्वासात लाखांवरून सव्वाआठ लाखांवर जाते.

आता पहिला पगार हातात १५ हजार धरा आणि त्यातून हा हप्ता वजा करा. पगार धरताना सीटीसीचा (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) आकडा धरू नका, पीएफ वगैरे कापून खात्यात येतो तो धरा.

विषयगट नावावरून निवडणं

बायोटेक ऐकायला भारी वाटतं, म्हणून जास्त फी भरून तेच घेतलं जातं. दरवाजे मात्र विषयाप्रमाणे उघडतात. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजीची पदवी चालते, नुसतं बॉटनी-झूऑलॉजी चालत नाही. भारतीय वन सेवेच्या परीक्षेच्या पात्रता यादीत उलट बॉटनी आणि झूऑलॉजी नावानिशी आहेत. राज्याच्या वन विभागाचं मुख्यालयच नागपुरात आहे, तरी इथल्या सीबीझेडच्या (केमिस्ट्री-बॉटनी-झूऑलॉजी) पोरांना हा रस्ता उशिरा कळतो, याचं मला नवल वाटतं. बारावीत बोर्डात वरच्या १ टक्क्यात असलेल्यांसाठी केंद्राच्या इन्स्पायर योजनेची वर्षाला ८० हजारांची शिष्यवृत्ती आहे, तीही मूलभूत विज्ञानाच्या विषयांना. झूऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी तिच्या यादीत आहेत, बायोटेक्नॉलॉजी नाही. प्रवेशाआधी त्या वर्षीची सूचना वाचून घ्या.

सवलत मिळेलच असं धरून चालणं

२०२४ मध्ये राज्याने मुलींना शंभर टक्के शुल्कमाफी दिली, ती ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांना आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना. शैक्षणिक कर्जावरच्या केंद्राच्या पूर्ण व्याज अनुदानातही व्यावसायिक-तांत्रिक अभ्यासक्रमांचीच अट आहे. साधी बीएस्सी त्यात बसेल असं गृहीत धरू नका. तिच्यासाठी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या बघा. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, तेही तपासा.

कर्ज आधीच काढलं असेल तर

शिकत असताना आणि नंतरच्या वर्षात चढणारं व्याज तेव्हाच भरत राहिलात, तर वरच्या उदाहरणात सात वर्षांचा हप्ता ६,६५० च्या आत येतो. ४ लाख पूर्ण उचलल्यावर हे व्याज महिन्याला सव्वातीन हजारांच्या आसपास असतं. क्लासच्या शिकवण्या करून त्यातला काही भाग तरी निघतो.

एमएस्सीला प्रवेश घेतला तर हप्ता आपोआप पुढे ढकलला जात नाही. प्रवेशाचा पुरावा जोडून शाखेत लेखी अर्ज द्या, तोही पहिला हप्ता पडण्याआधी, आणि पोच घ्या. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार मिळतात, पण तिच्या भरवशावर आज हप्ता ठरवू नका.

हप्ता चुकला तर सहकर्जदार म्हणून सही केलेल्या आईवडिलांचाही सिबिल स्कोअर पडतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत जुन्या करप्रणालीतच आणि जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते. काकांकडून उसने घेतलेले पैसे किंवा फीसाठी काढलेलं सोनेतारण कर्ज त्यात बसत नाही.