घरचा केक नेमका कुठे बिघडतो? वाढदिवसाआधी या चुका टाळा

बाबांच्या सत्तरीचा केक मी मे महिन्यात केला. स्पंज सकाळीच झाला होता. दुपारी क्रीम फेटलं, कडेनं गुलाबी फुलं काढली आणि चारच्या सुमारास नागपुरातल्या मनीषनगरहून धरमपेठेला निघाले. गाडीत एसी चालू होता, पण केकचा डबा डिकीत होता. पोचल्यावर झाकण उघडलं तर फुलं घसरून तळाशी गोळा झालेली आणि वरचा थर एका बाजूला सरकलेला. औक्षण झाल्यावर बाबांनी तोच केक कापला, दोनदा मागून खाल्ला. माझा जीव मात्र तिळतिळ तुटत होता.

त्या दिवसापासून मी प्रत्येक कृती वाचताना आधी एक गोष्ट बघते: ही कुठल्या हवेसाठी लिहिली आहे? 'बटर रूम टेंपरेचरला आणा' असं जवळपास प्रत्येक कृतीत असतं. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि ओव्हन लावलेलं स्वयंपाकघर भट्टीसारखं तापतं. जानेवारीच्या सकाळी त्याच ओट्यावर बटरमध्ये चमचा रुतत नाही. कृती तीच, हात तेच, पण केक दोन तऱ्हेचे होतात. घरच्या केकच्या निम्म्या तक्रारी मला इथूनच सुरू होताना दिसतात.

बटर आणि साखर फेटताना

केकमधली हवा ओव्हनमध्ये तयार होत नाही, ती आपण फेटताना भरतो. साखरेचे कण बटरमध्ये बारीक बारीक पोकळ्या करतात आणि बेकिंग पावडर पुढे त्याच पोकळ्या मोठ्या करते. त्या पोकळ्या धरून ठेवायला बटर साधारण १८ ते २१ अंशांचं हवं. बोट दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण बटर बोटाला तेलासारखं लागता कामा नये. चमकायला लागलं म्हणजे वेळ गेली. पातळ झालेलं बटर अर्धा तास फेटलं तरी हवा धरत नाही आणि केक गच्च होतो.

उन्हाळ्यात बटर फ्रीजमधून काढून लगेच तुकडे करा, आठ-दहा मिनिटं पुरतात. भांडं माठातल्या गार पाण्याच्या परातीत ठेवून फेटलं तर आणखी चांगलं. हिवाळ्यात उलटं करायचं. बटरचं भांडं कोमट पाण्यावर काही सेकंद धरा आणि अंडी पाच-सात मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. फ्रीजमधली थंड अंडी घातली की मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. तसं झालं तर घाबरू नका, चमचाभर मैदा घालून फेटा, पुन्हा जुळून येतं.

मैदा घातल्यावर मात्र बीटर बाजूला ठेवा. कणीक जितकी मळावी तितकी चिवट होते, मैद्याचंही तसंच. चमच्यानं खालून वर हलक्या हातानं मिसळा आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा.

केक मधोमध बसला, तर कारण कापून बघा

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. शेजारच्या वहिनींनी मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला रात्री साडेदहाला दार वाजवलं होतं, हातात खड्डा पडलेला केक. उत्तर बाहेरून सांगता येत नाही, म्हणून आम्ही तो ओट्यावर ठेवून मधून कापला.

कापल्यावर मधला भाग शिऱ्यासारखा ओलसर असेल, तर केक कच्चा राहिला. टूथपिक कडेला घालून पाहिली असणार. ती अगदी मध्यावर, तळापर्यंत घालायची. आतला भाग भाजला आहे, पण भोकं मोठी आणि चव साबणासारखी असेल, तर सोडा जास्त झाला. केक भराभर फुगतो, भिंती धरण्याआधीच फुटतो आणि खाली बसतो. पोत बारीक आहे, भाजलाही आहे, तरी खड्डा पडलाय, तर बहुधा ओव्हनचं दार लवकर उघडलं. ३५ मिनिटांच्या केकला पहिली २५ मिनिटं दाराला हात लावायचा नाही.

वहिनींच्या केकला भोकं होती. 'छान फुगावा म्हणून चमचाभर जास्त घातला,' त्या म्हणाल्या. एक कप मैद्याला बेकिंग पावडर एक चमचा पुरते, सोडा पाव चमचा. चमचा म्हणजे मोजायचा ५ मिलीचा, चहाच्या सेटमधला नाही. सोड्याला सोबत आंबट काहीतरी लागतंच: दही, व्हिनेगर, संत्र्याचा रस. बेकिंग पावडरमध्ये आंबट पदार्थ आधीच असतो, म्हणून एकाच्या जागी दुसरं तेवढंच घालून चालत नाही. मागच्या दिवाळीत उघडलेली डबी असेल तर आधी तपासा. गरम पाण्यात अर्धा चमचा पावडर टाकली की फसफसली पाहिजे.

त्या रात्री आम्ही बसलेल्या केकचा चुरा केला, थोडं गनाश, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, घालून लाडू वळले आणि सकाळी नवा केक लावला. मुलीला दोन्ही मिळालं.

ओव्हनबद्दल एवढंच सांगते. ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनच्या, बटणावर १८० लिहिलंय म्हणून आत १८० असतीलच असं नाही. छोटं ओव्हन थर्मामीटर आत ठेवून एकदा तपासा. माझा ओटीजी २० अंश जास्त तापतो, हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर माझे सगळे केक वरून फुटून डोंगरासारखे व्हायचे. टिन मधल्या जाळीवर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं आधी ओव्हन तापवा आणि टिन दोन तृतीयांशच भरा.

लाईट जाते, तेव्हाही दार उघडायचं नाही. शेवटची दहा मिनिटं उरली असतील तर आतल्या उष्णतेवर केक बऱ्याचदा होऊन जातो. नुकताच ठेवला असेल तर गॅसवर जाड कढई झाकण घालून तापवा, आत स्टँड ठेवा आणि टिन त्यात हलवा. केक थोडा गच्च होईल, पण वाया जाणार नाही. कुकर वापरलाच तर रबर आणि शिट्टी आधी काढा.

वाटीनं मोजणं

आजी डोळ्यांनी मापायची आणि तिचा अनारसा कधी फसला नाही, हे खरं. पण मैदा डब्यातून कपानं दाबून काढला तर १५० ग्रॅम भरतो आणि चाळून हलका भरला तर १२० च्या आसपास. एका कपामागे एवढा फरक पडला की केक कोरडा होणारच. घरात वजनकाटा घ्या. साखर कमी करायची असेल तर जरा जपून, कारण साखर फक्त गोडीसाठी नसते, ओलावाही तीच धरते. निम्मी केलीत तर दुसऱ्या दिवशी केक भुसभुशीत झालेला असेल.

संत्र्याचा केक कडू लागतो

आपल्या गावचं फळ, म्हणून नाताळच्या सुट्टीत घरोघरी हा केक होतो आणि हमखास कडवट होतो. दोष संत्र्याचा नाही, किसणीचा आहे. वास सालीच्या केशरी पापुद्र्यात असतो आणि कडूपणा त्याखालच्या पांढऱ्या भागात. आपलं संत्रं सैल सालीचं. परदेशी घट्ट सालीच्या संत्र्यासारखं ते किसणीवर दाबलं की साल आत दबते आणि पांढरा भाग खरवडला जातो. म्हणून फळ ताजं, घट्ट हाताला लागणारं निवडा, सोलण्याआधीच किसा, बारीक किसणीवर नुसतं फिरवा आणि एका जागी दोनदा घासू नका. मग तो कीस साखरेत घालून बोटांनी चोळा. साखर ओलसर, फिकट केशरी होते आणि सगळं स्वयंपाकघर दरवळतं.

माझं प्रमाण सोपं आहे: बटर, पिठीसाखर आणि मैदा प्रत्येकी १२० ग्रॅम, दोन अंडी, एक चमचा बेकिंग पावडर, दोन संत्र्यांचा कीस आणि दोन मोठे चमचे रस. सहा इंची टिन, १७० अंश, साधारण ३५ मिनिटं. रस जास्त घालायचा मोह होतो, तो टाळा. मिश्रण पातळ होतं आणि तळाशी चिकट थर बसतो. जास्तीचा रस साखर घालून उकळा आणि गरम केकवर चमच्यानं सोडा.

अंडं न खाणाऱ्यांसाठी

माझ्या सासूबाई अंडं खात नाहीत आणि भांडं कोणतं वापरलं हेही विचारतात. मला ते योग्यच वाटतं, म्हणून त्यांच्या केकचं पातेलं, बीटर आणि टिन वेगळंच ठेवलंय. कृतीतली अंडी नुसती वगळून केक होत नाही, कारण बांधून ठेवायचं आणि फुगवायचं काम अंडीच करतात. त्याऐवजी दही आणि सोडा, किंवा कन्डेन्स्ड मिल्कची वेगळी कृतीच घ्या. दही-सोडा एकत्र आले की बुडबुडे लगेच सुरू होतात. तेव्हा ओव्हन आधी तापलेला आणि टिनला बटर पेपर लावलेला हवा. फोन आला तर नंतर उचला.

क्रीम आणि प्रवास

चौकोनी खोक्यातलं साधं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. व्हिपिंग क्रीम निदान ३० टक्क्यांच्या वरचं लागतं. गोठवलेलं नॉन-डेअरी क्रीम ओट्यावर नाही, रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्या आणि थोडे बर्फाचे कण असतानाच फेटा. भांडं बर्फावर असू द्या. कूलरच्या झोतासमोर सजावट करू नका, कारण ती हवा दमट असते आणि फोन्डंटला, म्हणजे केकवरच्या साखरेच्या आवरणाला, पाणी सुटतं.

एप्रिल ते जून मी क्रीमची फुलं काढतच नाही. दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम असं घट्ट गनाश करते. वरून सुका मेवा लावला की केक देखणाही दिसतो. स्पंज आदल्या दिवशी करून, पूर्ण गार झाल्यावर गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवते. थर सरळ कापले जातात, चुरा पडत नाही. सजवलेला केक निघण्याआधी तासभर फ्रीजमध्ये गार होतो आणि गाडीत पुढच्या सीटच्या पायाशी, एसीखाली, सपाट जागी बसतो.

बाबांचा वाढदिवस मे महिन्यात, तेव्हा चांगली संत्री नसतात. म्हणून मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात आली की साल किसून साखरेत चोळते आणि छोट्या डबीत भरून फ्रीजरमध्ये ठेवते. डबीवर चिकटपट्टी लावून 'बाबा' असं लिहिलेलं असतं, म्हणजे घरात दुसरं कुणी ती शिऱ्यात घालत नाही.