झाडीतल्या कॅम्पसाइटवर मोठा फिफ्थ व्हील लावताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या एखाद्या नॅशनल पार्कात संध्याकाळच्या वेळी साइटच्या तोंडाशी ३५ फुटी फिफ्थ व्हील (पिकअपच्या मागच्या हौद्यातल्या सांध्याला जोडलेला राहण्याचा मोठा ट्रेलर) आडवा अडकतो, मागे गाड्या खोळंबतात आणि बघणारे म्हणतात, "याला रिव्हर्स जमत नाही." बहुतेक वेळा रिव्हर्सचा दोष नसतोच. चूक आधी होऊन गेलेली असते. कधी ती बुकिंग करताना होते, तर कधी साइटसमोर पिकअप जिथे नेऊन उभा केला तिथे.

या जागा अरुंद का आहेत, तेही समजून घ्या. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलियो मायनेके यांनी १९३२ च्या सुमारास दाखवून दिलं, की गाड्या मन मानेल तिथे फिरल्या की माती दबते, मुळं गुदमरतात आणि झाडं मरतात. उपाय म्हणून त्यांनी एकेरी रस्त्याचा लूप, प्रत्येक साइटला गाडीपुरता छोटा फाटा आणि कडेला दगड-ओंडके अशी रचना सुचवली. सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर या बेरोजगार तरुणांसाठीच्या सरकारी योजनेतल्या मुलांनी १९३३ ते १९४२ या काळात याच धर्तीवर असंख्य कॅम्पग्राउंडं बांधली, ती त्या काळच्या गाड्यांच्या मापाने. कोपऱ्यावरचा तो दगड मुळं वाचवायला मुद्दाम ठेवलेला आहे. तो सरकवायचा नाही आणि त्याच्यावरून चाकही न्यायचं नाही.

बुकिंग करताना चुकीचा आकडा वाचणं

पार्कच्या वेबसाइटवर मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेली राहण्याची गाडी) आणि ट्रेलर यांच्या लांबीच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात आणि घाईत मोटरहोमचाच आकडा नजरेत भरतो. स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कातल्या एल्कमाँट कॅम्पग्राउंडला मोटरहोम ३५ फुटांपर्यंत चालतं, ट्रेलर मात्र ३२ फुटांपर्यंतच. योसेमिटीच्या अप्पर पाइन्समध्ये तर मोटरहोमला ३५ आणि ट्रेलरला फक्त २४ फूट. शिवाय ट्रेलरच्या मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे त्याची लांबी नव्हे. पिनबॉक्सच्या (पिकअपला जोडणारी पिन असलेल्या पुढच्या भागाच्या) टोकापासून मागच्या शिडीपर्यंत किंवा सायकल रॅकपर्यंत टेपने मोजा. क्रू कॅब पिकअप स्वतः २० फुटांच्या आसपास असतो. तो कुठे उभा करायचा, हेही बुकिंगच्या वेळीच पाहून ठेवा.

आंधळ्या बाजूची साइट घेणं

आपल्याकडे, पुण्या-नाशकात गाडी शिकलेल्यांनी इथे विशेष जपावं. आपली सवय उजवीकडे बसून उजव्या खांद्यावरून मागे बघण्याची. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे उजवीकडे रिव्हर्स घेताना ट्रेलर वळला की त्याचं शेपूट आरशातून नाहीसंच होतं. कॅम्पग्राउंडच्या नकाशावर एकेरी रस्त्याचे बाण असतात. बाणाच्या दिशेने जाताना जी साइट डाव्या हाताला येते, ती घ्या. उजवीकडचीच मिळाली म्हणून बाणाच्या उलट घुसू नका. अगदीच अडलं तर आधी रेंजरला किंवा कॅम्प होस्टला (कॅम्पग्राउंडवर राहून देखरेख करणाऱ्याला) विचारा.

समोरची जागा न बघणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सगळे साइटची रुंदी बघतात. पण ट्रेलर आत घालायला जागा लागते ती रस्त्याच्या पलीकडे, कारण पिकअपचं नाक तिकडे फिरतं. तिथे चर, मोठा दगड किंवा शेजाऱ्याची गाडी असेल, तर आत कितीही ऐसपैस असून उपयोग नाही. म्हणून आधी उतरून चालत जा. तोंडाशी असलेल्या झाडाकडे जवळून बघा. कमरेच्या उंचीवर साल सोललेली असेल, कधी त्यात पांढऱ्या रंगाचे ओरखडे असतील, तर आधीचे लोक कुठे घासले ते कळतं.

मांडणी अशी करा. साइट डावीकडे असेल तर डावी कड धरून सावकाश पुढे जा. साइटचं तोंड आपल्या खांद्याच्या रेषेत आलं की पिकअपचं नाक थोडं साइटकडे घ्या आणि लगेच स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण तोडा. ट्रेलरचं शेपूट साइटकडे कललेलं राहील. ट्रेलरची मागची बाजू साइटचं तोंड ओलांडून थोडी पुढे गेली की थांबा. इथवर नीट जमलं, तर पुढचं काम बरंच सोपं होतं.

स्टिअरिंग जास्त फिरवणं

फिफ्थ व्हीलचा सांधा पिकअपच्या मागच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे असतो. त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्याचा परिणाम मागे उशिरा पोचतो. तो दिसेना म्हणून माणूस आणखी फिरवतो आणि मग ट्रेलर एकदम काटकोनात येतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात जिकडे न्याल तिकडे शेपूट जाईल. थोडं फिरवा, चार-पाच फूट जाऊ द्या, मग ठरवा. पिकअपची बेड (मागचा हौदा) आखूड असेल तर तीव्र कोनात ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेला भिडू शकतो. हाताने सोडायची सरकती हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) असेल, तर वळण घेण्याआधी ती सोडायला विसरू नका.

याच सांध्यामुळे पुढे जाताना ट्रेलर वळणाच्या आतल्या बाजूने खूप कापतो. लूपवर उजवीकडे वळायचं असेल तर आतल्या झाडाच्या बरंच पुढे जाऊन वळा. चाकांच्या मागे जो भाग लोंबतो तो उलट दिशेला फिरतो, म्हणून विजेचा खांब आणि बाकडं त्या बाजूला नाही ना, तेही बघा.

"येऊ दे, येऊ दे" म्हणणारा मदतनीस

आपल्या ट्रकचा क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारतो. ड्रायव्हरला त्या थापेचा अर्थ पक्का ठाऊक असतो. तशी बोली आधी ठरवा, म्हणजे थांब, डावीकडे, उजवीकडे, आणि किती फूट शिल्लक. नुसतं "येऊ दे" म्हणजे काहीच नाही. मदत करणारी वहिनी असो की मुलगा, आरशात दिसेनासा झाला त्या क्षणी ब्रेक. आणि एकाने तरी वर बघायलाच हवं. फिफ्थ व्हीलची उंची साधारण साडेबारा-तेरा फूट असते. मागच्या धोंड्याकडे सगळ्यांचं लक्ष असताना वरची फांदी एसीचं झाकण उडवते किंवा छताचा रबरी पापुद्रा फाडते. तो फाटला की पाणी मुरतं आणि आतलं लाकूड कुजतं.

अडकलात तर

कोन फार तीव्र झाला असेल तर मागे रेटू नका. सरळ पुढे घ्या, ट्रेलर रेषेत आणा, पुन्हा मांडणी करा. दोनदा-तीनदा पुढे घेणं हीच रीत आहे, त्यात कमीपणा नाही. मागे गाड्या थांबल्या असतील तर त्यांना हात करून जाऊ द्या. चाक दगडाला टेकलं असेल तर त्यावर चढवण्याऐवजी पुढे घ्या. ओल्या मातीत चाक रुतत असेल तर जाड फळ्या घाला. खडीवर किंवा मातीवर फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर) लावला तर गाडी मुंगीच्या पावलाने चालते. कोरड्या डांबरावर तीव्र वळणात मात्र तो लावू नका, गिअरवर ताण येतो. अंधार पडला असेल आणि साइट दिसतच नसेल, तर होस्टला विचारून रात्रीपुरती दुसरी जागा मागा.

ट्रेलर आत गेला की लगेच सुटा करू नका. स्लाइड-आउट, म्हणजे ट्रेलरच्या भिंतीतून बाहेर सरकणारे भाग, जवळपास तीन फूट बाहेर येतात. टेपने मोजून झाड, खांब आणि बाकडं यांपासूनचं अंतर बघा. डावी-उजवी पातळी फळ्या घालून हिच जोडलेली असतानाच साधा. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पाचरी लावा, पुढचे पाय टेकवा, पिकअपचं फाळकं खाली घ्या आणि त्यानंतरच पिन सोडा.