स्काय बेटावर फिरताना या चुका टाळा: सगळं घरासारखं दिसतं, तिथेच फसगत होते

ग्लासगोत राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात पुण्याहून, नाशिकहून कोणी ना कोणी येतं आणि बॅगा ठेवायच्या आतच विचारतं, "स्कायला कधी निघायचं?" स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे बेट आहेच तसं. कडे, धबधबे, धुकं, मेंढ्या. इथल्या गेलिक भाषेत त्याला 'धुक्याचं बेट' असंही म्हणतात. पण आपल्या लोकांच्या तिथे होणाऱ्या चुका बघून मला एक गोष्ट कळली आहे. गाडी डाव्या बाजूने चालवायची, कडे बेसॉल्टचे, पाऊस-धुकं आपल्या घाटासारखं, त्यामुळे आपण पहिल्याच तासात निर्धास्त होतो. मग घाटातल्या सवयी बाहेर पडतात आणि त्यातल्या निम्म्या इथे उलट्या पडतात.

अप्पर-डिपर इथे वेगळं बोलतो

सगळ्यात महत्त्वाची चूक हीच, म्हणून आधी सांगतो. समोरच्या गाडीने दिवे चमकवले की आपल्याकडे त्याचा अर्थ "मी येतोय, थांब". स्कायच्या रस्त्यावर त्याचा अर्थ बहुतेक वेळा "तुम्ही या, मी थांबलोय". आमच्या एका पाहुण्यांनी इमानदारीत गाडी थांबवून ठेवली, समोरचा दिवे चमकवत राहिला आणि दोन्ही बाजूंना रांग लागली. शेवटी समोरच्या आजोबांनी खिडकीतून हात काढून या, या केलं. तुम्ही स्वतः "बाजूला हो" म्हणून दिवे मारलेत तर मात्र समोरचा निवांतपणे तुमच्याच अंगावर येईल.

बेटावरचे बरेच रस्ते एकेरी आहेत, म्हणजे एकाच गाडीच्या रुंदीचे, पण वाहतूक दोन्हीकडून. ठरावीक अंतरावर रस्ता जरा फुगवलेला असतो आणि तिथे 'पासिंग प्लेस'ची पाटी असते. ही जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर आत जायचं नाही. तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबायचं आणि समोरच्याला त्या फुगवट्यातून जाऊ द्यायचं. नवखा माणूस हमखास इथे चुकतो, उजवीकडे घुसतो आणि समोरचा गोंधळतो. चढ चढून येणाऱ्याला शक्यतो आधी वाट द्यायची, ही आपल्या घाटातली रीत मात्र इथेही तशीच चालते. मागे गाडी साठली असेल तर तिलाही पुढे जाऊ द्या. तिथला माणूस कामाला निघालेला असतो, फिरायला नाही.

पासिंग प्लेस हे पार्किंग नाही. "दोन मिनिटं, एक फोटो" म्हणून तिथे गाडी लावली की मागे रुग्णवाहिकाही अडकू शकते. रस्त्याकडेच्या गवतावर चाक घालणं त्याहून वाईट. खाली भुसभुशीत पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची ओली माती असते, चाक रुतलं की बाहेर काढायला कोणाचा तरी ट्रॅक्टर शोधावा लागतो. आणि हॉर्न? विसरून जा. मेंढी रस्त्यात बसली असेल तर थांबून राहायचं, ती उठते.

वेगाच्या पाट्या मैलात असतात हेही पक्कं लक्षात ठेवा. 30 लिहिलंय म्हणजे ताशी 48 किलोमीटर. गावाबाहेरच्या एकेरी रस्त्यावर 60 मैलांची मर्यादा असते, म्हणजे जवळपास 97 किलोमीटर. ती मर्यादा आहे, सल्ला नव्हे. वळणापलीकडे मेंढी असते किंवा कॅम्पर व्हॅन. भारतातला परवाना पाहुण्यांना 12 महिन्यांपर्यंत चालतो. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच सांगून ठेवा.

नकाशातले किलोमीटर

ग्लासगो ते पोर्ट्री, म्हणजे बेटावरचं मुख्य गाव, साधारण 345 किलोमीटर. "पाच तासांत पोचू, बघू, रात्री परत." नाही हो. पाच-साडेपाच तास न थांबता लागतात, आणि ग्लेनकोच्या देखण्या दरीतून जाताना न थांबता कोण जातं? एका दिवसाच्या सहलीही मिळतात, पण त्यात बारा तास बसमध्ये आणि बेटावर जेमतेम अर्धी दुपार. निदान दोन रात्री हव्यात. माझं मत विचाराल तर तीन.

बेटावर पोचल्यावरही तीच गफलत होते. उत्तरेकडच्या ट्रॉटर्निशचा कडा, पश्चिम टोकाच्या नीस्ट पॉइंटचं दीपगृह आणि फेअरी पूल्स नावाचे डोंगरातले डोह हे तिन्ही एका दिवसात बसवणारे लोक संध्याकाळी फक्त गाडीच्या काचा आठवतात. एक दिवस ट्रॉटर्निशला द्या: स्टॉर, किल्ट रॉक, क्विरांग, उइग असा वळसा. दुसरा डनव्हेगन आणि नीस्टला. तिसरा ग्लेनब्रिटल (फेअरी पूल्स इथेच) किंवा एल्गोलला. एल्गोलहून होडीने कोरुस्क सरोवरापर्यंत जाता येतं. गर्दीला कंटाळलेल्यांनी तिकडे जावं.

ओल्ड मॅन ऑफ स्टॉर या प्रसिद्ध सुळक्याचं पार्किंग उन्हाळ्यात सकाळीच भरतं. पण जूनमध्ये पहाटे पाचला लख्ख उजेड असतो आणि रात्री दहानंतर सूर्य मावळतो. त्याचा फायदा घ्या. सातच्या आत वर जा किंवा रात्रीच्या जेवणानंतर. डिसेंबरात हेच गणित उलटं होतं, जेमतेम साडेसहा तासांचा दिवस. दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांनी यादी अर्धी करूनच निघावं.

गाडी नसेल तर? बेटावर रेल्वे नाही. रेल्वे बेटाला जोडणाऱ्या पुलाच्या अलीकडे काइल ऑफ लोखाल्शला संपते. ग्लासगोहून पोर्ट्री-उइगपर्यंत बस आहे, पण बेटावरच्या बस मोजक्या आणि रविवारी त्याहून कमी. वेळापत्रक बघूनच मुक्काम ठरवा. बस चुकली तर एसटी स्टँडवर बसून पुढच्या गाडीची वाट बघावी तसं इथे होत नाही, पुढची थेट उद्या असू शकते.

भिजण्याची हौस

पावसाळी ट्रेकवर वाढलेल्या माणसाला हे पटवणं सगळ्यात अवघड. आपल्याकडे पावसात भिजणं हा सोहळा असतो, कारण आपला पाऊस कोमट असतो. भिजलो, भजी खाल्ली, वाळलो. स्कायवर जुलैतही दुपारी पंधरा-सोळा अंश असतात आणि वर समुद्रावरचा वारा. ओल्या जीन्सवर तो वारा लागला की अर्ध्या तासात हात बधिर होतात, तोंडातून शब्द नीट फुटत नाहीत. ही गंमत नाही, शरीराचं तापमान उतरत असल्याची खूण आहे. तेव्हा "अजून थोडंच राहिलंय" म्हणू नका. माणसाला आडोशाला घ्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, गोड आणि गरम काही द्या आणि खाली उतरा. बोलणं अडखळत असेल किंवा माणूस गोंधळलेला वाटत असेल तर 999 वर फोन करून पोलिसांना 'माउंटन रेस्क्यू' हवं असं सांगा.

सुती कपडे आणि जीन्स डोंगरावर नकोत. आत सिंथेटिक बनियन, वर फ्लीस, त्यावर टोपीवाला वॉटरप्रूफ कोट आणि तशीच पँट. छत्री पहिल्या झुळुकीत उलटी होते आणि तो प्लॅस्टिकचा पाँचो पतंगासारखा उडतो. पुण्यात महागडं जॅकेट घेत बसू नका. ग्लासगोच्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, चांगली वापरलेली जॅकेट मिळतात, मी स्वतः तीन पाहुण्यांना तिथूनच घेऊन दिली आहेत.

बुटांचं वेगळं सांगायला हवं. ट्रॉटर्निशचे कडे बघून सह्याद्रीची आठवण येते ती उगाच नाही, दोन्हीकडे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट आहे. आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा सहा कोटींच्या आसपासचा. पण इथे त्या जड लाव्ह्याखाली जुरासिक काळातले मऊ थर आहेत. वजनाने ते घसरले आणि स्टॉरचे सुळके, क्विरांगची ती चित्रविचित्र उतरण तयार झाली. क्विरांगच्या भागात जमीन अजूनही सरकते, म्हणून फ्लॉडिगॅरीजवळचा रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. सह्याद्रीतल्या कातळावर पाय रोवायची सवय इथल्या पायवाटेवर उपयोगी पडत नाही. हिरवंगार गवत दिसतं, पाय ठेवला की घोट्यापर्यंत काळं पाणी. खोबणीचे, घोटा धरणारे बूट आणि जादा मोज्यांची जोडी घ्या.

उंचीच्या आकड्यावरही जाऊ नका. क्युलिन या डोंगररांगेतलं सर्वोच्च शिखर स्गुर अलास्डर फक्त 992 मीटर, आणि "कळसूबाई 1646, मग हे काय!" असं म्हणणारे मी ऐकलेत. क्युलिन म्हणजे उघडा खडक, पातळ धारा, बऱ्याच ठिकाणी दोर लागतो. शिवाय खडक चुंबकीय असल्याने होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं. धुक्यात त्याच्या भरवशावर चालणं धोक्याचं. वाटाड्या घ्या, नाहीतर स्लीगाखानच्या जुन्या पुलावरून त्यांच्याकडे बघत बसा, तेही वाईट नाही.

मिज नावाचा किडा

याबद्दल येणाऱ्याला कोणी सांगत नाही. मेअखेर ते सप्टेंबर, वारा पडलेला, हवा दमट, सकाळ किंवा संध्याकाळ: अशा वेळी टाचणीच्या टोकाएवढे मिज ढगाने येतात आणि चावतात. वारा ताशी 11 किलोमीटरच्या पुढे गेला की त्यांना उडता येत नाही. म्हणून संध्याकाळचा चहा पाण्याकाठी नको, उघड्या टेकाडावर घ्या. डोक्यावरची जाळी चार-पाच पौंडांत मिळते. विचित्र दिसता, पण सगळेच दिसतात. नेच्यातून चालून आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला गोचीड बघा. चिकटली असेल तर चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढून काढा, चिरडू नका.

थोडं आणखी

शेंगेन व्हिसावर स्कॉटलंडला येता येत नाही, ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. युरोपच्या सहलीला जोडून येणारे दरवर्षी इथे अडतात. भारतातून दूध किंवा मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे आणि तूप घरीच ठेवा. चकली, चिवडा आणा.

मॅलेगहून आर्मडेलला फेरीबोटीने जायचं असेल तर गाडीची जागा आधी राखून ठेवा. खराब हवेत फेरी रद्द होते. तेव्हा घाबरू नका, काइलच्या पुलावरून रस्ता आहे आणि 2004 पासून त्याला टोलही नाही. पोर्ट्रीत खोली मिळत नसेल तर ब्रॉडफर्ड, डनव्हेगन किंवा पुलाअलीकडचं काइल बघा.

स्टॅफिनच्या अन कोरान किनाऱ्यावर डायनॉसॉरच्या पाऊलखुणा आहेत. भरतीच्या वेळी गेलात तर फक्त समुद्र दिसेल, ओहोटीची वेळ बघून निघा. उइगजवळच्या फेअरी ग्लेनमध्ये दगड उचलून गोल नक्षी करू नका. गावकऱ्यांना ते उचकटून पुन्हा जागेवर टाकावे लागतात.

कार्बोस्टला 1830 सालची टॅलिस्कर व्हिस्कीची डिस्टिलरी आहे. स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम. चालकाने घोटसुद्धा घेऊ नये. सांगितलं तर त्याच्या वाट्याचा घोट छोट्या बाटलीत भरून देतात, रात्री मुक्कामावर घ्या.

आणि जेवण. अनेक ठिकाणी स्वयंपाकघर रात्री साडेआठच्या सुमारास बंद होतं, बाहेर लख्ख ऊन असलं तरी. हॅगिस हा इथला मेंढीच्या मांसाचा पदार्थ, पण शाकाहाऱ्यांनी त्याचा शाकाहारी प्रकार जरूर मागावा, मसालेदार असतो. 'कलन स्किंक' मात्र नाव कळलं नाही म्हणून मागवू नका, ते माशाचं सूप आहे. ब्रॉडफर्डच्या दुकानातून ब्रेड, चीज, फळं घेऊन गाडीत ठेवा, तिथेच टाकीही भरून घ्या. नीस्टहून रात्री नऊला परतताना वाटेत काहीही उघडं नसतं.