ख्यालाचं मिक्सिंग: ‘भरदार’ आवाजाच्या मोहातल्या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या घरगुती बैठकीच्या रेकॉर्डिंगचे दोन मिक्स ऐकवा. बहुतेक मंडळी जास्त दाबलेला, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करून एकूण पातळी वाढवलेला, निवडतील. त्यांच्या कानात खोट नाही, तो मिक्स नुसता मोठा वाजत असतो. आवाज वाढला की खालच्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सी कानाला अधिक भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं.

म्हणून पातळी न जुळवता तुलना करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लाउडनेस मीटरवर दोन्ही फाइलींचा इंटिग्रेटेड (पूर्ण फाइलचा सरासरी) आकडा बघा, जेवढा फरक असेल तेवढे डेसिबल मोठी फाइल खाली आणा आणि कोणती कोणती ते न सांगता पुन्हा ऐकवा. एका डेसिबलच्या फरकानेही पसंती फिरते.

दुसरी चूक म्हणजे सगळा मिक्स एकाच लिमिटरने (ठरलेल्या मर्यादेवर आवाज जाऊ न देणाऱ्या साधनाने) दाबणं. समेवर बायाँचा (डग्ग्याचा) ठोका पडला की लिमिटर सगळंच खाली ओढतो. तानपुरा बुडतो आणि पुन्हा वर येतो. विलंबितात तर हा हेलकावा अक्षरशः छळतो. तबला वेगळ्या ट्रॅकवर असेल तर तिथेच आवरा. नसेल तर कॉम्प्रेसरच्या (मोठा आवाज दाबणाऱ्या साधनाच्या) साइडचेनला, म्हणजे तो जो आवाज ऐकून दाब ठरवतो त्याला, १२० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा खर्ज गाळणारा फिल्टर) लावा.

गळ्यासाठी कॉम्प्रेसरचा रेशो (दाबाचं प्रमाण) २:१, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) २०–३० मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) सुमारे २०० मिलिसेकंद आणि आवाजातली घट २–३ डेसिबलच ठेवा. त्याआधी पुकार आणि मंद आलाप यांची पातळी फेडरने (आवाजाच्या सरकत्या खुंटीने) हाताने सारखी करा. ग्वाल्हेर गायकीतली जोरकस गमक सपाट झाली, तर उरतं काय?

डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजात येणारी विकृती, सरसकट वाईट नाही. मोबाइलच्या स्पीकरला बायाँचा मूळ खर्ज वाजवताच येत नाही; हलक्या सॅच्युरेशनने (मुद्दाम दिलेल्या सौम्य डिस्टॉर्शनने) तयार झालेल्या वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ स्वराच्या पटीतल्या उपस्वरांवरून) कान तो खर्ज ओळखतो. तबल्याच्या ट्रॅकची प्रत करून तिला सॅच्युरेशन द्या आणि ती १०–१५ टक्केच मिसळा. रेकॉर्डिंग करतानाच फाटलेला आवाज मात्र नंतर पुरता सुधारत नाही. २४ बिटवर शिखरं −१२ डेसिबलच्या आसपास ठेवा.

शेवटच्या फाइलचा ट्रू पीक (लहरीचं खरं शिखर) −१ डेसिबलवर थांबवा, नाहीतर एमपी३ करताना शिखरं फाटतात. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला −१४ लफ्सवर (LUFS, लाउडनेसचं एकक) वाजवतं. −८ ची फाइल तिथे सहा डेसिबल खाली येते, पण तिचे चिरडलेले ठोके तसेच राहतात.