डायव्हिंगचे सिलिंडर गाडीत बांधायचे कसे

नाशिकमध्ये समुद्र नसला तरी डायव्हिंगचा संच गाडीत घालून फिरणारे लोक आहेत. कुणी गंगापूर किंवा मुकणे धरणावर पाण्याखालच्या कामाला जातं, कुणी गोदावरीवर बचावकार्याला धावतं, कुणी पुणे-कोल्हापूर मार्गे मालवण-तारकर्ली गाठतं. पाण्यात उतरण्याआधी ही मंडळी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासतात, आणि श्वासासाठी दाबून हवा भरलेला तोच सिलिंडर घरून धरणापर्यंत मात्र डिकीत मोकळा लोळत नेतात. 'काही होत नाही, हळू चालवतो' हे उत्तर मी फार ऐकलं आहे. ते चुकीचं का आहे, ते आधी आकड्यांत बघा.

नेहमीचा ॲल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलिंडर भरल्यावर साधारण १७ किलोचा होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात असलेली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या सिलिंडरला रोखायला सरासरी २९० किलोच्या वजनाइतका जोर लागतो. तोच वेग यायला तो सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून खाली पडावा लागेल. आणि त्याच्या वाटेत मागच्या सीटवर बसलेली माणसं असतात.

संच सुटा करण्याचं थोडक्यात सांगतो. रेग्युलेटर (हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण) आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) सिलिंडरवरून उतरवा. रेग्युलेटर लावलेला सिलिंडर गाडीत ठेवायचा नाही, एक किलोमीटरसाठीसुद्धा नाही. फर्स्ट स्टेजला, म्हणजे रेग्युलेटरच्या व्हॉल्व्हवर बसणाऱ्या भागाला, आपट बसली तर ती व्हॉल्व्हवर येते. व्हॉल्व्ह घट्ट बंद, त्यावर टोपी. मास्क, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर आणि रेग्युलेटर मऊ पिशवीत. सूट आणि फिन्स कुठेही.

पाण्यात खाली जायला कमरेच्या पट्ट्यात घालतात ती शिशाची वजनं मात्र कुठेही नाही. दोन किलोचा सुटा तुकडा सिलिंडरइतकाच वाईट, कारण तो लहान असल्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. वजनं पट्ट्यातून काढा, जाड कॅनव्हासच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा आणि ती पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या खोलगट जागेत जमिनीवर ठेवा. तिथून ती वर उडत नाही.

आता सिलिंडर. माझा सगळ्यात जास्त वेळ या पायरीने घेतला, आणि सगळ्यात जास्त वाईट सल्लेही याच पायरीवर मिळतात.

पहिला सल्ला: मागच्या सीटवर उभा ठेवा आणि सीटबेल्ट लावा. अजिबात नाही. सीटबेल्ट माणसाच्या खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर बसतो. गुळगुळीत गोल सिलिंडरला खांदा नाही, कंबर नाही. पट्टा वर सरकतो आणि सिलिंडर खालून निसटतो. शिवाय उभा सिलिंडर आडवा झाला की सगळ्यात आधी आपटतो तो व्हॉल्व्ह. दुसरा सल्ला: बाइकच्या कॅरियरवर लावतात तो रबरी, हुकवाला बंजी. तो ताणला जाण्यासाठीच बनवलेला असतो. जोर आला की लांब होतो आणि मग सिलिंडर उलट्या दिशेला फेकतो. तिसरा सल्ला: बाजूंनी बॅगा कोंबा. बॅगा दबतात. कसाऱ्याच्या पाचव्या वळणावर त्यांच्यात हातभर जागा झालेली असते.

सिलिंडर आडवा ठेवायचा, गाडीच्या रुंदीच्या दिशेने, डिकीत मागच्या सीटच्या पाठीला चिकटून. ब्रेक लागला की तो पुढे जाऊ बघतो आणि त्याची अख्खी लांबी पाठीवर टेकते. गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवला तर टोकाचा सगळा जोर एकाच ठिकाणी येतो. जागेअभावी तसाच ठेवावा लागला, तर व्हॉल्व्ह मागे आणि बूड पुढे.

पण सीटच्या पाठीवर विसंबून राहू नका. मागच्या सीटच्या पाठीला सामानाचा धक्का सोसवतो का, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत एक चाचणी आहे. त्यात १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून सुमारे ताशी ५० किलोमीटरच्या धडकेइतका झटका देतात. म्हणजे दोन भरलेले सिलिंडर ठेवले की तुम्ही त्या चाचणीच्या काठावर पोचता, आणि तेही सीटची कुलपं नीट बसलेली असतील तर. प्रवासाला निघण्याआधी दुमडणाऱ्या सीटची पाठ दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा. दोन्ही बाजूंना 'खट्' आवाज आला पाहिजे.

पाठीवर येणारा भार कमी करायचा तर सिलिंडर खालीच अडवायचा. त्यासाठी एक फळी करून घ्या. १८ मिलिमीटरची प्लाय, डिकीच्या मापाची. त्यावर चार सेंटिमीटर उंचीच्या दोन लाकडी पट्ट्या, आतल्या कडांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर ठेवून. पट्ट्या वरून खिळे ठोकून नाही, फळीच्या खालून स्क्रू घालून बसवायच्या. ११ लिटरच्या सिलिंडरचा व्यास साधारण १८.४ सेंटिमीटर असतो, त्यामुळे तो दोन्ही कडांवर घट्ट बसतो आणि कुठल्याही बाजूला घरंगळत नाही. तुमचा सिलिंडर स्टीलचा असेल तर आधी व्यास मोजा आणि अंतर त्याप्रमाणे बदला. फळीच्या दोन्ही टोकांना आडवे ठोकळे लावा, कारण घाटाच्या वळणावर सिलिंडर घरंगळत नाही, तो लांबीच्या दिशेने सरकतो. व्हॉल्व्हच्या बाजूचा ठोकळा सिलिंडरच्या वरच्या गोलाईला (तिलाच सिलिंडरचा खांदा म्हणतात) लागला पाहिजे, व्हॉल्व्हला नाही. फळीखाली रबरी मॅट. सातपूर किंवा अंबडमधला कुणीही सुतार हे काम करून देतो.

मग पट्टे. ट्रकच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो रॅचेटचा, म्हणजे दात्यांच्या खटक्याने ताणायचा, पॉलिस्टर पट्टा घ्या, ज्याच्या लेबलवर भारक्षमता छापलेली आहे असाच. लेबल नसलेला पट्टा स्वस्त मिळतो. तो ताडपत्री बांधायला वापरा. एका सिलिंडरला दोन पट्टे, एक खांद्याच्या खाली आणि एक बुडाच्या वर. पट्टा सीटजवळच्या हुकात अडकवा, सिलिंडरभोवती एक पूर्ण वेढा द्या, मग मागच्या हुकात न्या आणि ताणा. वेढा महत्त्वाचा आहे. नुसता वरून टाकलेला पट्टा फक्त दाबतो. वेढा दिलेला पट्टा धरून ठेवतो. व्हॉल्व्हभोवती किंवा मानेभोवती पट्टा कधीच घ्यायचा नाही. ताण बरोबर आहे की नाही हे बघायला सिलिंडर दोन्ही हातांनी हलवा. सिलिंडर नाही, गाडी हलली पाहिजे.

दोन-तीन सिलिंडर असतील तर प्रत्येकाचे पट्टे वेगळे. तिघांवरून एकच लांब पट्टा टाकला की मधल्यावर तो सरळ जातो, दाबत नाही, आणि मधला सुटाच राहतो. एकावर एक रचायचे तर मुळीच नाहीत.

हुक कुठले, यावर माझं मत पक्कं आहे. डिकीच्या तळाला असलेले धातूचे कडेच वापरायचे. त्यांची क्षमता गाडीच्या पुस्तिकेत दिली आहे का ते बघा. बाजूच्या भिंतीवरचे प्लास्टिकचे हुक भाजीच्या पिशवीसाठी आहेत. काही हॅचबॅकमध्ये तळाला कडी नसतातच. तिथे फॅब्रिकेशनवाल्याकडून आय-बोल्ट बसवून घ्या, पत्र्याखाली जाड लोखंडी तुकडा घालून. ड्रिल मारण्याआधी गाडी वर उचलून खाली बघायला लावा, कारण पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या तिथेच असतात. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. आणि गाडी सीएनजीची असेल, जशा आता नाशिकमध्ये बऱ्याच आहेत, तर त्या टाकीच्या फ्रेमला काहीही बांधायचं नाही. डिकीत जागाच उरली नसेल तर एकटा सिलिंडर पुढच्या सीटमागच्या पाय ठेवायच्या जागेत आडवा बसतो. पुढची सीट मागे सरकवून तो दाबून घ्या, वजनांची पिशवी दुसऱ्या बाजूच्या सीटमागे हलवा आणि मागे कुणाला बसवू नका.

निघाल्यावर पट्टा सैल होतो, नवा असेल तर हमखास. पुण्याकडे निघालात तर शिंद्याच्या टोलनाक्याच्या आसपास थांबून पुन्हा ताणा, कारण पुढे मोहदरी घाट आहे. मुंबईच्या दिशेने घोटीला. गंगापूर धरणाकडे जाणाऱ्यांनी सोमेश्वर ओलांडल्यावर.

उन्हाचं लोक फार घाबरवतात, त्यामुळे तेही सांगतो. २५ अंशांना २०० बारला भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापला तर दाब सुमारे २२३ बार होतो. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचा नेहमीचा कार्यदाब २०७ बार असतो, पण चाचणी त्याच्या दीडपटीहून जास्त दाबाला होते, त्यामुळे चांगल्या स्थितीतला सिलिंडर तेवढ्याने फुटत नाही. जुनी, गंजलेली बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला की फाटून हवा सोडणारी व्हॉल्व्हमधली चकती) मात्र फाटू शकते, आणि बंद गाडीत तो आवाज आणि झोत भयंकर असतो. एप्रिल-मेमध्ये गाडी सावलीत लावा, सिलिंडरवर पांढरी चादर टाका आणि ज्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी सिलिंडरची चाचणी) पाच वर्षांपेक्षा जुनी आहे तो सिलिंडर गाडीत चढवूच नका.

रिकामा सिलिंडरही असाच बांधायचा. त्याचं वजन फक्त अडीच-तीन किलोंनी कमी झालेलं असतं, आणि परतीच्या वाटेवर माणूस दमलेला असतो. व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि आत थोडी हवा राहू द्या, म्हणजे ओल शिरत नाही.

पोचल्यावर आधी गाडीचा हँडब्रेक लावा, मग रॅचेट सोडा. सिलिंडर फरफटवू नका. गुडघे वाकवून दोन्ही हातांनी उचला आणि जमिनीवर लगेच आडवा करा. काठावर उभे ठेवलेले सिलिंडर एखाद्या मुलाच्या धक्क्यानेही पडतात, आणि धरणाच्या काठचा उतार बहुतेक वेळा पाण्याकडेच असतो.