अमेरिकेची राज्यघटना वाचायची कशी?

सुरुवात 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून करा, पण तिथे फार रेंगाळू नका. त्यात तत्त्वं आहेत, कोर्टात बजावता येईल असा कायदा नाही. मग 1787 ची मूळ घटना घ्या. कलमं फक्त 7. पहिली तीन, म्हणजे काँग्रेस (अमेरिकेची संसद), राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालय, सावकाश वाचा. पहिल्या कलमात राज्यांची लोकसंख्या मोजताना गुलामांची गणना तीन-पंचमांश धरली आहे, पण ‘गुलाम’ हा शब्द मूळ घटनेत कुठेच नाही. तो शोधत बसाल तर ही तरतूद नजरेतून निसटेल.

पहिल्या 10 दुरुस्त्या 1791 च्या. या दुरुस्त्या सुरुवातीला फक्त केंद्र सरकारला लागू होत्या, राज्यांना नाही. हे ध्यानात न घेतल्यानेच पुढचा सगळा गोंधळ होतो.

खरा वेळ द्यायचा तो 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीच्या पहिल्या पोटकलमाला. वाक्यं दोनच. पेन्सिल घेऊन ‘नागरिक’ आणि ‘व्यक्ती’ या शब्दांखाली वेगवेगळ्या खुणा करा. कायद्याचं समान संरक्षण ‘व्यक्ती’ला आहे, म्हणजे नागरिक नसलेल्यालाही! त्या वाक्याचा कर्ता मात्र ‘राज्य’ आहे, म्हणजे बंधन राज्य सरकारांवर आहे, खासगी माणसांवर नाही. म्हणून खासगी हॉटेलातला वर्णभेद या दुरुस्तीने थांबत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1883 मध्ये ठरवलं. त्यामुळेच 1964 च्या नागरी हक्क कायद्यासाठी काँग्रेसला पहिल्या कलमातल्या आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचाही आधार घ्यावा लागला. हा अधिकार देणारं पहिल्या कलमातलं आठवं पोटकलम आता पुन्हा उघडा.