उबवणी मशीनमध्ये लावायची अंडी धुवायची का?

नाही. मी धुतली होती, म्हणून सांगते.

छोटं उबवणी मशीन घेतलं ते नेमकं पावसाळ्यात. कोकणातला पाऊस, अंगणभर लाल चिखल, आणि कोंबड्या त्याच पायांनी खुराड्यात. 60 अंडी जमवली, निम्म्यांवर चिखलाची नक्षी. नव्या कोऱ्या मशीनमध्ये ही घाण कशी घालायची, म्हणून नळाखाली चोळचोळून धुतली. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. "खुडूक कोंबडी अंडी धुवून बसते काय गो?" एवढंच म्हणाल्या. 16व्या दिवशी आत एक अंडं फट्‌कन फुटलं. त्या वासाने आम्ही जेवण मागच्या अंगणात केलं. पिल्लं निघाली 11.

झालं काय होतं? अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. कोंबडी अंडं घालते तेव्हा त्यावर एक ओलसर थर असतो, तो काही मिनिटांत वाळतो आणि जंतूंना बाहेर अडवतो. मी तोच चोळून काढला. त्यात नळाचं पाणी गार. गार पाण्यात आतला बलक आकसतो आणि बाहेरचं पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं, चिखलशिटीसकट. मग मशीनमध्ये साडेसदतीस अंशांची ऊब. जंतूंना आणखी काय हवं!

आता मी काय करते ते सांगते. घरट्यात सुका भुसा किंवा भाताचा पेंढा, ओला झाला की त्याच दिवशी बदलायचा. अंडी दिवसातून दोन-तीनदा उचलायची. रात्री कोंबड्या घरट्यात झोपू द्यायच्या नाहीत, सगळी शीट तिथेच होते. खरं काम एवढंच आहे, बाकी सगळी मलमपट्टी.

तरी एखादं डागाळतंच. सुकलेला ठिपका असेल तर बारीक पॉलिश पेपरने तेवढाच हलक्या हाताने खरवडते. अख्खं अंडं घासत नाही, नाहीतर धुतल्यासारखंच झालं. ओल्या फडक्याने पुसणं तर सगळ्यात वाईट, एका अंड्याची घाण दहांना लागते. शिटीने माखलेलं किंवा तडा गेलेलं अंडं लावतच नाही.

कडकनाथची मोजकीच अंडी लांबून आणलीत आणि टाकवत नाहीत? मग धुवा, पण पाणी अंड्यापेक्षा गरम हवं, 43 ते 45 अंश, थर्मामीटर लावून. भिजत ठेवू नका, साबण नको, एकदा वापरलेल्या पाण्यात दुसरं अंडं नको. सुकलं की लगेच लावा. तरीही ते बाकीच्यांच्या खालच्या ट्रेमध्ये ठेवा आणि सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा. शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, आत काळपट कडं दिसलं किंवा वास आला तर अलगद बाहेर.

लावेपर्यंत अंडी निमुळतं टोक खाली करून घरातल्या गार कोपऱ्यात, फार तर आठवडाभर. फ्रिजमध्ये नको.

आणि मशीनमध्ये न लावताच बाजूला काढलेल्या, तडा न गेलेल्या अंड्यांची आमच्याकडे पोळी होते. ती मात्र फोडायच्या आधी धुवा.